टीकप पॉम, घरगुती स्पिट्झ की देशी पिल्लू? फ्लॅटमध्ये कुत्रा आणण्याआधी

पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये राहणारं कुटुंब कुत्रा घ्यायचं ठरवतं, तेव्हा बहुतेक वेळा तीन पर्याय समोर असतात. पहिला म्हणजे मोबाईलवर दिसणारं, तळहातावर मावणारं ‘टीकप’ पिल्लू. पॉमेरेनियन, चिहुआहुआ किंवा यॉर्कशायर टेरियरचं. दुसरा, आपल्याकडे वर्षानुवर्षं ‘पामेरियन’ म्हणून पाळला गेलेला, पण खरं तर इंडियन स्पिट्झ असलेला पाच ते सात किलोचा पांढरा कुत्रा, किंवा साधारण त्याच वजनाचं दुसरं एखादं लहान कुत्रं. आणि तिसरा, रस्त्यावरून किंवा शेल्टरमधून दत्तक घेतलेलं देशी पिल्लू.

सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांना नवं घर मिळेपर्यंत सांभाळायचं काम मी करते. त्यामुळे या तिन्ही प्रकारची कुत्री माझ्या घरात राहून गेली आहेत, आणि “आम्ही कुठला घेऊ?” हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. माझं मत आधीच सांगून टाकते. टीकप विकत घेऊ नका. उरलेल्या दोघांतला कुठला, ते तुमच्या घरातल्या माणसांवर आणि त्यांच्या वेळेवर ठरेल. हे मत मी कशावरून बनवलं, ते तिन्ही पर्याय शेजारी शेजारी ठेवून सांगते.

लहान कुत्रा आणि लहान केलेला कुत्रा

लहान असणं हा दोष नाही, हे आधी मान्य करायला हवं. कुत्र्याच्या आकारावर मोठा परिणाम करणारं आयजीएफ-१ नावाचं एक जनुक आहे. लहान जातींमध्ये त्याचं एक विशिष्ट रूप आढळतं, हे २००७ मध्ये कळलं. पुढे २०२२ मध्ये संशोधकांना लहान आकाराशी जोडलेला तो बदल ५० हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या सायबेरियातल्या एका लांडग्याच्या अवशेषांतही सापडला. म्हणजे लहान आकाराचं बीज माणसाने कुत्रा पाळायच्या आधीपासून निसर्गात होतं. शिवाय लहान कुत्री एकंदरीत मोठ्या कुत्र्यांपेक्षा जास्त जगतात. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये १८ जातींच्या आयुर्मानाचा अभ्यास झाला, त्यात जॅक रसेल टेरियर १२.७ वर्षांसह सर्वांत वर होता. पाच-सात किलोचा, दिवसभर धावणारा, उंदरांच्या मागे लागणारा हा कुत्रा लहानच आहे. पण त्याचं शरीर कुत्र्याचं सगळं काम करू शकतं.

प्रश्न येतो तो आकार त्याच्याही खाली ओढण्याचा. १८८८ मध्ये राणी व्हिक्टोरिया फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा पॉमेरेनियन घेऊन आली. त्याचं वजन १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास होतं, आणि त्या काळी तो लहान म्हणून गाजला. त्याच्या आधीचे पॉमेरेनियन याहून बरेच मोठे असत. राणीची आवड ती लोकांची आवड झाली आणि जातीचं वजन झपाट्याने उतरत गेलं. आज जातींची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन केनेल क्लबच्या मानकात पॉमेरेनियनचं वजन ३ ते ७ पौंड आहे, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. त्या काळातला ‘लहान’ मार्को आजच्या मानकात मोठा ठरेल. आणि बाजारात टीकप म्हणून जे विकलं जातं, ते या मानकाच्याही तळाशी किंवा त्याखाली असतं.

टीकप नावाची कुठलीही जात नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया ती मानत नाही, अमेरिका-ब्रिटनमधल्या संस्थाही मानत नाहीत. मग इतकी छोटी पिल्लं येतात कुठून? सरळ मार्ग असा, की वेतातली सर्वांत अशक्त, वाढ खुंटलेली पिल्लं बाजूला काढायची आणि ती मोठी झाली की त्यांचीच आपसांत जोडी लावायची. इतकी बारकी जोडी सहज मिळत नाही, म्हणून नात्यातल्या नात्यात पैदास होते. ज्या आजारामुळे एखादं पिल्लू वाढलं नाही, तो आजारही त्याच्यासोबत पुढच्या पिढीत जातो. याहून वाईट मार्गही आहेत: पिल्लाला मुद्दाम कमी खायला घालणं, किंवा पाच आठवड्यांचं पिल्लू “दोन महिन्यांचं आहे, एवढंच राहणार” म्हणून विकणं. असं पिल्लू पुढे चार-पाच किलोचं झालं आणि मालक नाराज झाले, असं मी पाहिलं आहे. पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर ते सुदैवच म्हणायचं.

शरीराला काय सोसावं लागतं

टीकप पिल्लाचं सर्वांत मोठं संकट म्हणजे शुगर उतरणं. यकृतात आणि स्नायूंमध्ये साखरेचा साठा करायला जागाच नसते, आणि शरीराच्या मानाने मेंदू मोठा असल्यामुळे साखर लागते मात्र भरपूर. एक वेळचं खाणं चुकलं, थंडी वाजली, जुलाब झाले किंवा नव्या घरात बावरून ते जेवलं नाही, तरी काही तासांत पिल्लू मलूल पडतं, पाय लटपटतात, झटके येतात. त्यामुळे सुरुवातीचे महिने दर तीन-चार तासांनी खायला घालावं लागतं, रात्रीसुद्धा. सकाळी नऊला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या जोडप्याने हे कसं करायचं? स्पिट्झच्या पिल्लाला दोन महिन्यांचं असताना दिवसाला चार वेळा खाणं पुरतं. देशी पिल्लाचंही तसंच.

डोकं हा दुसरा विषय. तान्ह्या बाळाची टाळू जशी मऊ असते, तशी पुष्कळ चिहुआहुआंची टाळू जन्मभर भरत नाही. प्रत्येक वेळी त्यातून त्रास होतोच असं नाही. पण जिथे हाड नाही तिथे टेबलाचा कोपरा लागला किंवा मुलाच्या हातून पिल्लू निसटलं, तर मार थेट मेंदूला बसतो. अतिलहान, गोल कपाळाच्या कुत्र्यांमध्ये मेंदूत पाणी साठण्याचा आजारही जास्त दिसतो. असं पिल्लू एकाच दिशेला गोल गोल फिरतं, शिकवलेलं लक्षात ठेवत नाही, डोळे खाली-बाहेर वळलेले दिसतात. विकणारे त्याच्या फुगीर कपाळाकडे आणि मोठ्या डोळ्यांकडे बोट दाखवून जास्त पैसे मागतात, याचा मला फार राग येतो.

दात तर बहुतेक जण विसरतातच. ग्रेट डेन असो वा चिहुआहुआ, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला ४२ दात येतात. जबडा आक्रसला म्हणून दातांची संख्या कमी होत नाही. अशा कुत्र्यांचे दुधाचे सुळे बऱ्याचदा पडत नाहीत, त्यांच्या शेजारूनच पक्के सुळे येतात, दोन्हींच्या फटीत अन्न अडकतं आणि तीन-चार वर्षांतच हिरड्या सडू लागतात. खालचा जबडा इतका पातळ असतो की दाताचं मूळ सडलं की हाड कमकुवत होतं, आणि दात काढताना जबडाच मोडण्याची भीती असते. स्पिट्झलाही दातांवर कीट लवकर चढतं, हे खरं आहे. त्याचे दात घासावेच लागतात. पण तिथे गोष्ट घासण्यावर आणि अधूनमधून केलेल्या स्केलिंगवर निभावते. देशी कुत्र्याचा जबडा लांब आणि ऐसपैस, दात एकमेकांपासून सुटे.

हाडांचं सांगायचं तर दीड किलोच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाचं हाड पेन्सिलीहून बारीक असतं. सोफ्यावरून मारलेली एक उडी ते मोडायला पुरते. मनगटाजवळ या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे नुसत्या प्लास्टरने ते बऱ्याचदा जुळत नाही आणि प्लेट घालावी लागते. गुडघ्याची वाटी सरकणं हा पॉमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्की (यॉर्कशायर टेरियर) या सगळ्यांचा नेहमीचा आजार. चालता चालता कुत्रा मागचा एक पाय उचलून दोन-तीन पावलं लंगडत उडतो आणि पुन्हा नीट चालू लागतो. लोक त्याला लाडिक चाल समजून व्हिडिओ काढतात. प्रत्यक्षात वाटी खोबणीतून बाहेर गेलेली असते. हे स्पिट्झमध्येही आढळतं, वजन वाढलेल्या स्पिट्झमध्ये जास्तच. पण वजन आटोक्यात ठेवणं तुमच्या हातात आहे.

श्वासनलिकेच्या कूर्चेची कडी मऊ पडून ती दबणं, यॉर्कीत यकृताला वळसा घालून जाणारी जन्मजात रक्तवाहिनी, म्हातारपणी हृदयाची गळकी झडप: यादी लांब आहे. यातलं प्रत्येक दुखणं प्रत्येक पिल्लाला होईल असं नाही. पण इतक्या छोट्या शरीरात एखादं दुखणं निघालं की उपचार करणंही अवघड जातं. भूल देताना शरीर लवकर गार पडतं, शीर सापडत नाही, थोडं रक्त गेलं तरी ते फार होतं. गोचीडाच्या बऱ्याच गोळ्यांची सर्वांत लहान मात्रा दोन किलोच्या कुत्र्यापासून सुरू होते, आणि आपल्याकडे टिक फीवर काही कमी नाही. लसीची मात्रा तर वजनावर ठरत नाही. एक किलोच्या आणि चाळीस किलोच्या कुत्र्याला सारखीच लस टोचतात. लहान कुत्र्यांना लसीनंतर त्रास होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, विशेषतः एका दिवशी अनेक लसी दिल्या तर. म्हणून लस टाळायची नाही, पण वेगवेगळ्या दिवशी देता येतील का हे डॉक्टरांना विचारायचं.

देशी कुत्र्याचा हिशोब वेगळा आहे. त्याची जोडी कोणी दिसण्यावरून लावलेली नसते. कमजोर ते रस्त्यावरच मागे पडतं, म्हणून जन्मजात दुखणी कमी. पण रस्त्यावरून उचललेलं पिल्लू पार्व्हो किंवा डिस्टेंपर हे जीवघेणे विषाणूजन्य आजार घेऊन आलेलं असू शकतं. ही जोखीम खरी आहे. आणल्या दिवशी डॉक्टरांकडे, जंताचं औषध, ताप-जुलाबांवर लक्ष आणि लसीकरण पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुत्र्यांपासून दूर, एवढं केलं तर पुढची दहा-बारा वर्षं हा कुत्रा डॉक्टरांना लसीपुरताच भेटण्याची शक्यता बरीच जास्त.

पिल्लाच्या आईचं काय

माझ्या दृष्टीने सगळ्यांत जड पारडं हे आहे, आणि पिल्लू घेणाऱ्याला ही बाजू कधी दाखवलीच जात नाही. दीड किलोची कुत्री गाभण राहिली तर पोटात एक-दोनच पिल्लं असतात, आणि पिल्लू एकटंच असेल तर ते आईच्या मानाने मोठं होतं. गोल डोकं अरुंद कटीतून उतरत नाही. कुत्री अडते. मग सिझर, किंवा वेळेत सिझर झालं नाही तर आई आणि पिल्लू दोन्ही हातचं जातं. म्हणून पुष्कळ ठिकाणी माद्या थोड्या मोठ्या ठेवतात आणि नर सर्वांत बारका निवडतात. म्हणजे आईला जरा सोपं. पण मग हवं तेवढं बारकं पिल्लू दर वेतात मिळत नाही, आणि एका ‘टीकप’साठी किती वेतं घ्यायची याला धरबंध राहत नाही.

पैदाशीची मुदत संपलेल्या अशा माद्या माझ्याकडे आल्या आहेत. स्तन लोंबलेले, दात गेलेले, पिंजऱ्याच्या जाळीवर उभं राहून पंजे पसरलेले. जमिनीवर चालायला घाबरणारी एक कुत्री मला आठवते. गवतावर पाय ठेवायला ती कितीतरी दिवस तयार नव्हती. तिची पिल्लं कोणाच्या तरी हातात, छान कपडे घालून, फोटोंत हसत असणार. ती घेणारी माणसं दुष्ट नव्हती. त्यांना आई कोणी दाखवली नव्हती.

हे सगळं टीकपलाच लागू आहे असंही नाही. स्पिट्झचीही बेपर्वा पैदास होते. फरक असा, की स्पिट्झची निरोगी आई निरोगी वेत स्वतः देऊ शकते; चांगला ब्रीडर तिथे शक्य आहे. दीड किलोच्या कुत्र्याची मागणीच अशी आहे की ती पुरवताना कुणाला तरी सोसावं लागतं. ब्रीडर कितीही प्रेमळ असला तरी ते बदलत नाही.

“सगळ्याच जाती माणसाने घडवल्या, मग यालाच का बोलता?” असं मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझी कसोटी साधी आहे: या कुत्र्याला पळता, उडी मारता, खाता, श्वास घेता आणि व्यायचं झालं तर मदतीशिवाय विता येतं का? जर्मनीच्या प्राणी संरक्षण कायद्यात ११ब हे कलम याच विचाराचं आहे. ज्या पैदाशीतून वेदना भोगणारी संतती होणार हे अपेक्षित आहे, ती पैदास तिथे मना आहे. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या लहान जातीची पैदास बेकायदा ठरवली. त्यामागे हृदयाचे आजार होते, आणि लहान कवटीत न मावणाऱ्या मेंदूचं दुखणंही होतं. आपल्याकडे २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. नोंदणीचा क्रमांक मागा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी बोलणं तिथेच संपवा.

सोसायटी, पैसे आणि रोजचा दिवस

“सोसायटीत छोटाच कुत्रा चालतो,” हे कारण देऊन टीकप घेणारे खूप. पण भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, आणि लहान चालेल, मोठा चालणार नाही असा आग्रहही धरता येत नाही. स्वच्छता, पट्टा, लिफ्टमधला शिष्टाचार याबद्दल समजूतदारपणाने बोलता येतं, आणि आपण ते पाळलंच पाहिजे. म्हणून देशी कुत्रा आणायला कमिटीची भीती हे कारण होऊ देऊ नका.

फ्लॅटमध्ये आवाजाचा त्रास कुणाचा जास्त, याचं उत्तर ऐकून लोक चकित होतात. सर्वांत जास्त भुंकतो तो स्पिट्झ. दाराची घंटा, कुरिअरवाला, समोरच्या गॅलरीतलं कबूतर, सगळ्याची तो दखल घेतो. केसही भरपूर गळतात. देशी कुत्रा भुंकतो कमी पण अनोळखी माणसाला सहज जवळ येऊ देत नाही, आणि पहिल्या वर्षात त्याला भरपूर दमवलं नाही तर चपला, चार्जर, सोफ्याचे कोपरे काही शिल्लक ठेवत नाही. सकाळ-संध्याकाळ मिळून तास-दीड तास चालणं होणार नसेल तर तरुण देशी कुत्रा घेऊ नका. त्यापेक्षा चार-पाच वर्षांचा, शांत झालेला घ्या. अशा कुत्र्यांना घरं फार कमी मिळतात.

पैशाचं थोडक्यात. टीकप विकत घेताना बरेच हजार, कधी लाखाच्या घरातही मागतात, आणि दात-गुडघे-हाडांचा खर्च पुढे वेगळाच. देशी दत्तक घ्यायला पैसे लागत नाहीत. त्याला खाणं मात्र जास्त लागतं. स्पिट्झ दोन्हींच्या मध्ये.

कोणाच्या घरात कोण

घरात सहा-सात वर्षांखालची मुलं असतील तर टीकप अजिबात नको, दत्तक म्हणूनही नको. मूल कितीही गुणी असलं तरी ते अडखळतं, आणि एवढ्याशा कुत्र्याला तेवढंही पुरतं. अशा घरात मला मोठा झालेला, स्वभाव कळलेला देशी कुत्रा सर्वांत बरा वाटतो. आजी-आजोबा दोघंच असतील, लांब फेऱ्या झेपत नसतील, तर पाच-सहा किलोचा वयस्क स्पिट्झ. पायात घुटमळून पाडेल इतका तो बारका नसतो आणि उचलून रिक्षात ठेवता येतो. दोघंही नोकरीवर जाणारं तरुण जोडपं असेल तर कुठल्याही पिल्लाआधी मी थांबायला सांगते. दिवसा लक्ष देणारं कोणी नसेल तर वयाने मोठा झालेला कुत्रा घ्या. आणि ज्यांना धावायला, ट्रेकला जायला सोबत हवी, त्यांनी देशीखेरीज दुसरीकडे पाहू नये. सिंहगड चढून तो तुमच्या आधी वर पोचेल.

टीकप विकत घेणं आणि टाकून दिलेला टीकप सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकत घेतलं की तुमच्या पैशांतून पुढच्या वेताची ऑर्डर जाते. सोडून दिलेला कुत्रा घेतला तर तसं होत नाही, आणि अशी कुत्री सतत घराच्या शोधात असतात, कारण पहिल्या मोठ्या बिलानंतर पुष्कळ जण हात वर करतात. घरात लहान मूल नसेल, कोणीतरी दिवसभर घरी असेल आणि मन त्याच आकारावर जडलं असेल, तर असा एखादा कुत्रा आणा. गळ्यात पट्टा नको, छातीला बसणारा हार्नेस घ्या. श्वासनलिकेवर ओढ येता कामा नये. सोफ्याला आणि पलंगाला पायऱ्या लावा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरून दर आठवड्याला वजन लिहून ठेवा, कारण दीड किलोच्या कुत्र्याचं दीडशे ग्रॅम वजन उतरणं डोळ्यांना दिसत नाही. घरात मध किंवा ग्लुकोज पावडर कायम ठेवा. कुत्रा मलूल पडला तर हिरड्यांना चोळा, बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, आणि तसंच उचलून डॉक्टरांकडे न्या. रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, तिथला नंबर काय, हे कुत्रा घरी आणण्याच्या आधी शोधून फ्रीजवर चिकटवून ठेवा.